विचार करण्यातही नापास?

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वय 34. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात सोयाबीन, पऱ्हाटी आणि तूर. दोन वर्षं अमरावतीला खोली करून भरतीचा अभ्यास केला, दोनदा थोडक्यात हुकलो. मग बाबांना लकवा मारला म्हणून गावी आलो, तो आलोच. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलून द्यावी लागते, ते मीच करतो. तीन ठिकाणी मुलगी पाहायला गेलो, तिन्हीकडून 'पोरगा शेतीत आहे' म्हणून नकार आला. दिवाळीपासून कशातच मन लागत नाही. पहाटे 3 ला डोळा उघडतो तो पुन्हा मिटत नाही. जेवण घशाखाली उतरत नाही. गावातली चार-पाच पोरं संध्याकाळी गणित विचारायला यायची, त्यांनाही येऊ नका म्हटलं. त्यातली एक पोरगी नवोदयला लागली, पण ती हुशारच होती. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात पंगतीत बसलो होतो. वाढणारे मामा माझ्या ताटापाशी आले आणि मला सोडून पुढे गेले. मी न जेवता उठून घरी आलो, दोन दिवस खोलीतून निघालो नाही. मला आता कोणी मोजत नाही. पुढेही काही होईल असं वाटत नाही. मोठी बहीण म्हणते, विचार चांगले ठेव, सगळं नीट होईल. मोबाइलवर एक व्हिडिओ आला, त्यातही तेच, की दुःख बाहेर नसतं, तुमच्या विचारात असतं. म्हणजे माझ्या दुःखाला मीच जबाबदार. परीक्षेत नापास, शेतीत नापास, आता विचार करण्यातही नापास. कधी कधी वाटतं, सकाळी उठलोच नाही तर बरं. खरं सांगा, हे सगळं माझ्या मनाचंच आहे का? नाव छापू नका."

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाकी सगळ्यावर येतेच, पण आधी ते एक वाक्य घेते, सकाळी उठलोच नाही तर बरं, हे. तुम्ही ते लपवलं नाहीत, लिहिलंत, फार चांगलं केलंत. आता मला सरळच विचारू द्या. हा विचार नुसता येऊन जातो, की जीव द्यायचं खरंच मनात घोळतं? घोळत असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी फोन उचला. 14416 हा टेली-मानसचा नंबर. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोनवर परक्या माणसाशी बोलवत नसेल तर बहिणीला उठवा. ती चांगला विचार ठेव म्हणते, तिला नेमकं काय बोलावं ते सुचत नसेल, पण तिला तुमची काळजी आहे.

आणि आज दिवस मावळायच्या आत एक काम करा. फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात असेल तर ते चुलत्याकडे कुलपात ठेवायला द्या. लागेल तेव्हा सोबत माणूस घेऊन मागून आणा. लाजू नका, "माझ्या घरी जागा नाही" एवढं सांगितलं तरी पुरे. या भागात इतकी वर्षं लोकांशी बोलताना मी पाहिलंय, तो विचार वावटळीसारखा येतो. गरगर फिरवतो, डोळ्यात धूळ भरतो, आणि ओसरतो. त्या तासा-दोन तासांत हाताशी डबा नसला की माणूस वाचतो. असे वाचलेले आणि आज नातवंडं खेळवणारे लोक मला माहीत आहेत.

आता तुमचा प्रश्न. हे सगळं मनाचंच आहे का? नाही. तरीही मनाचा त्यात मोठा हात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण त्या व्हिडिओवाल्यानं इथंच घोळ करून ठेवलाय.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली, ते तुम्हाला आठवत असेल. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत अळी आणि सगळी कवडी. त्या वर्षी माझे बाबा बोलायचे बंद झाले. सकाळी चहा घेऊन ओसरीत बसायचे ते भिंतीकडे तोंड करून, दुपार झाली तरी कप तसाच, वर साय धरलेली. लोक म्हणाले, म्हातारा आळशी झाला. मी तेव्हा समुपदेशनाचं शिक्षण घेतलेली, चार लोकांना सल्ले देणारी. आणि घरी आले की मीसुद्धा तेच बोलायचे, "बाबा, चांगला विचार करा, पुढचं साल चांगलं येईल." ते मान हलवायचे आणि आणखी गप्प व्हायचे. बरे झाल्यावर कितीतरी दिवसांनी एकदा ते म्हणाले, "तू चांगला विचार कर म्हने ना, तवा मले वाटे, घ्या, आता हे बी मले जमून नाही राह्यलं."

तुमच्या पत्रातलं "विचार करण्यातही नापास" हे वाक्य वाचलं आणि मला बाबांची ती ओसरी दिसली. ज्या माणसाचं मन आधीच स्वतःला बोल लावतंय, त्याच्या हाती "तुझ्या विचारांनीच तू दुःखी आहेस" हे वाक्य दिलं की तो त्याचाही दांडा करतो आणि स्वतःच्याच पाठीत घालतो. तुमच्या बहिणीचा किंवा व्हिडिओवाल्याचा तसा हेतू नसेल, पण झालं तसंच.

म्हणून विचारांचं खरं शास्त्र काय सांगतं ते तुमच्याच पंगतीपासून बघू. मी तिथं नव्हते, पण आपल्याकडच्या पंगती मला पाठ आहेत. मांडवात दोन्हीकडे ताटं मांडलेली, पाणी वाढणारी पोरं पळतायत, आलू-वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. मामा बादली घेऊन तुमच्यापाशी आले आणि पुढे गेले. घडलं एवढंच. बघायला बसलं तर चार-पाच सेकंदांचा मामला. मग तुम्ही उठलात, आणि दोन दिवस खोलीत. आता मला सांगा, चार-पाच सेकंदांतून दोन दिवस कसे निघाले? मधे काहीतरी झालं. ते तुम्ही पुढच्याच ओळीत लिहिलंय: "मला आता कोणी मोजत नाही."

मामांनी तोंडातून शब्द काढला नाही. ते वाक्य तुमच्या मनानं म्हटलं, आणि इतक्या झपाट्यानं म्हटलं की तो तुम्हाला विचार वाटलाच नाही. डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटलं. मामांच्या बादलीतली भाजी संपली असेल. समोरून कोणी "इकडं, इकडं" म्हणून हाक मारली असेल. उन्हाळ्यात सकाळपासून पायावर उभ्या माणसाचं लक्ष सुटलं असेल. किंवा, हेही धरू, मामांना तुमच्याबद्दल खरंच आकस असेल. तेव्हासुद्धा एका मामाच्या आकसातून "कोणीच मोजत नाही" एवढं निघत नाही. पण उदास मन इतक्या शक्यता मोजत बसत नाही. सगळ्यात कडू असेल ती उचलतं आणि हाच निकाल म्हणून पुढे करतं.

ही मधली जागा पहिल्यांदा नीट उजेडात आणली त्यांत अ‍ॅरन बेक हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ होते. जन्म 1921 चा, 2021 मध्ये वयाच्या शंभरीत गेले. 1960 च्या आसपास त्यांच्या क्षेत्रात असं मानलं जाई, की उदास माणसाचा दुसऱ्यावरचा राग आत वळून स्वतःवर उलटलेला असतो. बेक ते सिद्ध करायलाच निघाले होते. त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली, तर राग काही सापडेना. सापडलं ते हरणं, नाकारलं जाणं, रिकाम्या हाती परत येणं. मग रुग्णांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की माणूस तोंडानं एक बोलत असतो आणि खालून छोट्या छोट्या वाक्यांची एक रांग आपोआप सरकत असते. "मी बोअर करतोय." "यांना माझा कंटाळा आलाय." रुग्णाला ती वाक्यं सांगण्यासारखी वाटतच नसत, कारण ती त्याला खरीच वाटत. बेकना त्यात तीन गोष्टी सारख्या दिसल्या: माणूस स्वतःबद्दल वाईट बोलतो, जगाबद्दल वाईट बोलतो आणि पुढच्या दिवसांबद्दल वाईट बोलतो. तुमचं पत्र समोर घ्या. मी नापास. मला कोणी मोजत नाही. पुढे काही होणार नाही. तिन्ही आहेत की नाही?

याचा अर्थ तुम्ही विचार चुकीचे करता म्हणून आजारी पडलात, असा होत नाही. ताप आला की तोंड कडू होतं, मग घरच्या गोड पाण्यालाही कडू चव लागते. तो पाण्याचाही दोष नसतो आणि जिभेचाही नसतो. उदासीत मनाची चव तशी कडू होते. पण इथं एक वाईट गोष्ट आहे, की त्या कडू विचारांनी उदासी आणखी वाढते, आणि वाढलेली उदासी आणखी तसलेच विचार वर काढते. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. पहिला धक्का कोणी दिला, परीक्षेनं, बाबांच्या लकव्यानं, की नकारांनी, ते शोधत बसून उपयोग नाही. ते फिरतंय, आणि त्यात एक जागा अशी आहे जिथं तुम्हाला हात घालता येतो. ती म्हणजे मधलं वाक्य. जबाबदारी आणि दोष यांत मी फरक करते तो एवढ्यासाठीच. दोष तुमचा नाही, पण हात घालायची जागा तुमच्यापाशी आहे.

हात घालायचा म्हणजे जबरदस्तीनं गोड विचार करायचा का? मुळीच नाही. "सगळे माझ्यावर प्रेम करतात" असं दिवसातून शंभरदा म्हटलंत तरी तुमचं मन त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये, कारण तेही तपासलेलं नाही. काय करायचं ते तुम्ही दर मे महिन्यात करता.

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं असेल तर तुम्ही ते तसंच पेरता का? पोत्यातून वरचे, मधले, खालचे दाणे घेता. 100 मोजता. गोणपाट भिजवता, दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडता, गुंडाळी करता, सावलीत ठेवता, ओल सुकू देत नाही. पाच-सहा दिवसांनी उघडता आणि कोंब मोजता. 70 किंवा वर निघाले तर बियाणं पेरण्याजोगं. 40 निघाले तर कितीही टपोरं दिसलं तरी तुम्ही ते वावरात टाकत नाही. बियाणं दिसायला कसं आहे याला तुम्ही भुलत नाही, उगवतं का ते बघता.

आता "मी सगळ्यात नापास" हा दाणा त्या गोणपाटात ठेवा. कागद घ्या, खरंच घ्या, मनातल्या मनात करू नका, कारण मनातल्या मनात मन लबाडी करतं. एका बाजूला लिहा हे वाक्य खरं असल्याचे पुरावे. दोनदा भरती हुकली. तीन नकार. लिहा, लपवू नका. दुसऱ्या बाजूला जे या वाक्यात बसत नाही ते लिहा. तुम्हाला सुचणार नाही, म्हणून तुमच्याच पत्रातून मी काढून देते.

बाबांची कूस तुम्ही दर दोन तासांनी बदलता. तुम्ही हे असं लिहिलंय जसं म्हशीला पाणी दाखवतो. मी दवाखान्यात काम केलंय भाऊ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या चिघळल्या की जीवावर बेततं. ते टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात, आणि पगारी माणसं लावूनही ते होत नाही. रात्रीचंही तुम्ही करता का? मला वाटतं करत असाल. मग याला पास म्हणायचं की नापास, ते कागदावर लिहा.

दुसरं, ती नवोदयला लागलेली पोरगी. तुम्ही लिहिलंय, "पण ती हुशारच होती." ही ओळ मला फार महत्त्वाची वाटली. परीक्षेत तुम्ही हुकलात तेव्हा लिहिलं नाहीत, की जागा थोड्या होत्या, लाखो पोरं बसली होती. तिथं सगळा दोष तुमच्या एकट्याचा. आणि पोरगी लागली तेव्हा श्रेय सगळं तिचं. दुकानदार असा जमाखर्च मांडेल का? खर्च तेवढा स्वतःच्या नावावर, जमा झाली की दुसऱ्याच्या नावावर. अशा वहीत कितीही कमावलं तरी शेवटी घाटाच दिसणार. ती हुशार होतीच. आणि तिला संध्याकाळी बसवून गणित शिकवणारा माणूस तुम्ही होतात. दोन्ही लिहा.

एवढं झालं की मूळ वाक्य पुन्हा वाचा. त्यातले किती दाणे उगवले? बहुधा ते वाक्य काहीसं असं होईल: "भरतीत माझं जमलं नाही, लग्नाचं अजून जमलेलं नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. बाबांची सेवा आणि पोरांना शिकवणं मला जमतं." हे गोड वाक्य नाही. यात दुःख आहे. पण हे दुःख उचलता येईल एवढ्या वजनाचं आहे.

लग्नाबद्दल थोडं वेगळं बोलते, कारण तुमचं खरं दुखणं तिथं आहे असं मला वाटलं. अल्बर्ट एलिस नावाचे दुसरे एक मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कला होते. 1955 च्या सुमारास त्यांनी स्वतःची उपचारपद्धत उभी केली, मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की माणूस इच्छेनं दुःखी होतो, पण खचतो तो हट्टानं. इच्छेचा हट्ट कधी झाला ते कळायला आपल्या मराठीत फार सोपी खूण आहे, तो 'च'. "लग्न व्हावं" ही इच्छा. "लग्न झालंच पाहिजे, नाही तर मी माणसातच नाही" हा हट्ट. नोकरी लागलीच पाहिजे. लोकांनी मानच दिला पाहिजे. पंगतीत मला वाढलंच पाहिजे. दिवसभरात स्वतःशी बोलताना किती 'च' येतात ते मोजून बघा, थक्क व्हाल. माझे स्वतःचे मी मोजले होते.

इच्छा सोडा असं मी म्हणत नाही. 34 व्या वर्षी जोडीदार हवा वाटणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे, आणि तो मिळत नाही याचं वाईट वाटणं बरोबरच आहे. पण तुम्ही मनाशी एक अट घालून ठेवलीय, की ते होईस्तोवर मी हसणार नाही, पोरांना शिकवणार नाही, पानठेल्यावर उभा राहणार नाही. सुखाला तुम्ही दारातच अडवून ठेवलंय, आधी लग्नपत्रिका दाखव म्हणून. तेवढा 'च' काढून बघा. "लग्न व्हावं असं मला फार वाटतं. नाही झालं तर मला दुःख होईल. तरी मी बाद होत नाही." रोज एकदा वहीत लिहा. पहिले आठ दिवस खोटं वाटेल, तरी लिहा.

आता दुसरी बाजू, जी तो व्हिडिओ सांगणार नाही. प्रत्येक गोष्ट विचारानं सुटत नाही. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याहून खाली विकावं लागलं. हा काही तुमच्या मनाचा खेळ नाही. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, कारण शेतीत पैसा राहिला नाही, आणि कुठल्याही बापाला लेक पक्क्या पगाराच्या घरी जावीशी वाटते. तुमच्याच तालुक्यात तुमच्यासारखी किती पोरं आहेत ते मोजा. ती सगळी एकाच वेळी नालायक कशी निघतील? हे गाऱ्हाणं खरं आहे, त्याचा राग येणंही रास्त आहे. मी तुम्हाला सोसत राहा असं सांगत नाही. एवढंच बघा, की बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडला की तुम्ही घरी येऊन स्वतःचा भाव पाडून घेता. बाजाराशी भांडायचं तर त्यासाठीसुद्धा उभं राहता येईल एवढं बळ अंगात लागतं.

आणि शरीर. दिवाळीपासून आता उन्हाळा आला. मन न लागणं, पहाटेची जाग, भूक मरणं हे दोन आठवड्यांच्या वर सलग टिकलं तरी डॉक्टर त्याकडे नैराश्याचा आजार म्हणून बघतात. तुमचे तर महिने झाले. नुसत्या वहीवर भागवू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं जा. थायरॉईड आणि बी-12 तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच थकून, खचून जातो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर घ्या. गावात म्हणतील झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागते. नैराश्यावरच्या गोळ्या त्या जातीच्या नसतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्त, तेवढा धीर धरा, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका. माझ्या बाबांना औषध लागलंच. औषधानं त्यांचं मन एवढं वर आलं, की मग माझं बोलणं त्यांच्या कानात शिरायला लागलं. आधी मी भिंतीशी बोलत होते.

बाबांचं आणखी एक सांगायचं राहिलं. औषध चालू असताना एका सकाळी शेजारचा पोरगा आला, "काका, डवऱ्याचा दांडा निसटून राह्यला, बसवून द्या." आई म्हणाली, त्यांना त्रास देऊ नको. पण बाबा उठले. बसवायला अर्धा तास लागला असेल. त्या दिवशी दुपारी त्यांनी भाकर मागून घेतली. तेव्हापासून तो पोरगा रोज काही ना काही मोडून आणायला लागला. मला अजून वाटतं, अर्धं तो मुद्दाम मोडत असावा. उदास माणूस म्हणतो, मन लागलं की करीन. उदासीत हे उलटं चालतं, आधी हात चालतो, मग मन मागून येतं. म्हणून मन लागायची वाट न बघता त्या पोरांना परत बोलवा. सगळी नको, रोज नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा तास. शिकवताना आनंद झाला नाही तरी चालेल, फक्त बसा.

पहाटे 3 वाजताच्या जागेबद्दल माझा एक नेम सांगते. त्या वेळी जे विचार येतात त्यांचा निकाल त्या वेळी लावायचा नाही. उशाशी वही ठेवा, विचार एका ओळीत लिहा, पुढे लिहा "सकाळी 10 ला बघू", आणि बाबांची कूस बदलायची असेल तर बदला. सकाळी 10 ला उन्हात बसून तीच ओळ वाचा. लोक मला सांगतात, रात्री डोंगराएवढं होतं ते दिवसा ढेकळाएवढं निघालं. कधी कधी डोंगरच निघतं, तेव्हा ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

हे सगळं शहरातल्या लोकांसाठी आहे, आपल्याकडे कुठलं, असं मनात आलं असेल तर एक माहिती देते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी उदासीची ओळख, बोलणं, गरज पडली तर डॉक्टर, असं ते काम होतं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोकच कोणाची मदत घेत होते. अठरा महिन्यांनी तो आकडा 27.2 टक्क्यांवर गेला, आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. तीही आपल्यासारखीच कापूस-सोयाबीनची गावं. तिथल्या लोकांचा सोयाबीनचा भाव काही कोणी वाढवून दिला नव्हता. तुमच्या गावच्या आशाताईशी बोला, जिल्ह्याच्या दवाखान्यात कुठल्या वारी कोण बसतं ते तिला माहीत असतं.

बहिणीला हे पत्र वाचायला द्या. ताई, तुम्हालाही एक सांगते. भावाला आता "चांगला विचार कर" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, "आज पहाटे काय आलं होतं मनात?" एवढंच विचारा, आणि उत्तर ऐकून लगेच काही समजावू नका. दवाखान्यात पहिल्यांदा जाताना त्याच्यासोबत जा. त्या दिवशी बाबांजवळ कोण थांबेल ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, नाही तर त्याच कारणावर जाणं राहील.

भाऊ, मृग तोंडावर आलाय, पेरणीच्या गडबडीत तुम्ही स्वतःला शेवटी ठेवाल म्हणून मी घाई करते. 15 दिवसांत मला परत लिहा. डॉक्टर काय म्हणाले ते लिहा, वहीतली दोन-चार पहाटेची वाक्यं लिहा, पोरं किती आली ते लिहा. आणि मामा भेटले तर त्यांना सरळ विचारा, त्या दिवशी बादलीत काय होतं आणि ते पुढे का गेले. जे उत्तर देतील ते जसंच्या तसं मला कळवा.

तुमची,
ताई